पेन्सिलीच्या आधी मटार

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, पुण्यात फ्लॅटमध्ये राहतात, आईवडील दोघंही नोकरी करतात, दिवसा आजी घरी असते. नर्सरीच्या बाईंनी सांगितलं, ‘याची ग्रिप कमजोर आहे, घरी प्रॅक्टिस घ्या.’ पेन्सिल तो मुठीत धरतो आणि उभ्या-आडव्या रेघा काढायला बसवलं की दोन मिनिटांत उठतो. शर्टाचं बटण लागत नाही, पाणी ओतायला गेला की अर्धं खाली. आईनं मॉन्टेसरी ॲक्टिव्हिटींचे बरेच व्हिडिओ पाहिलेत आणि नऊ हजारांचं एक लाकडी किट मागवायच्या विचारात आहे. तिचा प्रश्न असा की रोज किती ॲक्टिव्हिटी घ्यायच्या, कुठल्या क्रमानं, आणि किट घ्यायचं तर कुठलं.

मी बरीच वर्षं मॉन्टेसरी पद्धतीची बालवाडी चालवते. अडीच ते सहा वयाची मुलं आमच्याकडे येतात आणि जून-जुलैमध्ये हाच प्रश्न थोड्याफार फरकानं समोर असतो. किटबद्दल शेवटी सांगते. आधी एक काम करा. उद्या दिवसभरात तुमच्या मुलाचे हात स्वतःहून काय काय करतात ते नुसतं बघा. जेवण बहुधा भरवलं जात असेल. बूट वेल्क्रोचे, पँट इलॅस्टिकची, बाटली सिपरची, डबा कुणीतरी उघडून दिलेला. दात आपण घासतो, तोंड आपण पुसतो, दप्तर आपण उचलतो. यातली प्रत्येक गोष्ट आपल्या सोयीची आहे आणि सकाळी सव्वाआठला स्कूल व्हॅन खाली उभी असताना दुसरा इलाजही नसतो. पण दिवसभर ज्या हातांना कामच पडत नाही त्यांच्यात एकदम पेन्सिल दिली, की ते गोंधळणारच. तेव्हा ‘ग्रिप कशी सुधारायची’ हा प्रश्न मी ‘याच्या हातांना रोज खरं काम कुठून मिळेल’ असा वाचते.

तरी आधी काळजीचं बोलून घेऊ. साडेतीनला खडू मुठीत धरणं यात घाबरण्यासारखं काही नाही. खडू मुठीऐवजी अंगठा आणि बोटांत धरणं, काही बटणं स्वतः काढणं, देखरेखीखाली पाणी ओतून घेणं, या गोष्टी बहुतेक मुलांना चार वर्षांच्या आसपास जमू लागतात. बटण लावणं त्याच्याही पुढचं. मोठ्या माणसासारखी तीन बोटांची सैल पकड, ज्यात मनगट स्थिर राहून फक्त बोटं हलतात, ती यायला पाच-सहा वर्षं लागू शकतात. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची असतात आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करत टणक होत जातात. म्हणजे ज्या मनगटाकडून आपण ओळीत अक्षर मागतोय, ते अजून बांधून व्हायचंय.

पण मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हीच तपासा. तो एकच हात वापरतो आणि दुसरा जवळपास लोंबता ठेवतो का? पूर्वी जमणारी एखादी गोष्ट आता जमेनाशी झाली आहे का? सपाट जमिनीवर वारंवार पडतो का? भात, माती, डिंक असं काहीही हाताला लागलं की असह्य झाल्यासारखा रडतो का? यातलं काही असेल, किंवा चार पूर्ण होऊन गेल्यावरही मूठ सुटत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते गरज वाटल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं हातांना जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवतील. तिथे जाण्यात कमीपणा काही नाही. अशा वेळी माझ्यासारख्या शिक्षिकेचा सल्ला मात्र पुरेसा नसतो. यातलं काहीच नसेल, तर पुढचं वाचा.

बोटांना ताकद नुसत्या बोटांच्या व्यायामानं येत नाही. खांदा डळमळीत असेल तर कोपर टेबलावर टेकत नाही, कोपर टेकलं नाही की मनगट हवेत तरंगतं, आणि मग पोरगं पेन्सिल मुठीत आवळून धरतं, कारण तेवढ्यानंच ती त्याच्या ताब्यात राहते. म्हणून आमच्याकडे नवीन मुलाला सुरुवातीचे काही आठवडे वजन उचलायला लावतो. वाळूची छोटी बादली, पाट, सतरंजीची गुंडाळी. घरी भाजीच्या पिशवीतले चार बटाटे त्याच्या वेगळ्या पिशवीत घाला आणि ती त्यालाच उचलू द्या. लिफ्टऐवजी दोन मजले जिने. सोसायटीच्या बागेत लोंबकळायला दांडा असेल तर घसरगुंडीपेक्षा त्याच्यापाशी जास्त वेळ घालवा. घरात फरशीचा सांधा ही आयती रेघ आहे, तिच्यावरून पाऊल जोडून चालायचं. जमू लागलं की हातात पाण्यानं भरलेली वाटी घेऊन. मॉन्टेसरी वर्गात जमिनीवर लंबगोल रेघ काढलेली असते, तीही याचसाठी. लंगडीची घाई नको, एका पायावर उड्या चार-पाच वर्षांपर्यंत जमल्या तरी चालतं. आणि दिवाळीत किल्ला करत असाल तर माती कालवायचं काम पूर्ण त्याच्याकडे द्या. मातीत कोपरापर्यंत बुडालेल्या हातांना जो व्यायाम होतो, तो कुठल्या खोक्यात मिळत नाही.

आता मॉन्टेसरीबद्दल थोडं, कारण किटचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. मारिया मॉन्टेसरी डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं, तेव्हा समोर कामगारांची मुलं होती आणि आईबाप दिवसभर कामावर. हात धुणं, जागा झाडणं, वाढणं, बटणं लावणं हे तिथल्या दिवसाचं कामच होतं. नाक कसं शिंकरायचं याचासुद्धा त्यांनी पाठ दिला होता. पुढे १९३९ मध्ये त्या मद्रासला अड्यारला आल्या आणि महायुद्धाच्या काळात इथेच राहिल्या, पण आपल्याकडे काम त्याआधीच सुरू झालं होतं. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालवाडी सुरू केली. १९५७ मध्ये ते काम कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी परदेशी लाकडी साहित्य कुठून आणणार? त्यांनी बिया, शिंपले, खडे, पानं, माती हेच साहित्य केलं. मुलाच्या हाताला जे हवं होतं ते त्यात होतं.

या पद्धतीतलं साहित्य ढोबळमानानं दोन प्रकारचं. एक, दट्ट्यांचे ठोकळे (लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बसणारे वेगवेगळ्या मापांचे गोल दट्टे), गुलाबी मनोरा (लहान होत जाणाऱ्या गुलाबी ठोकळ्यांची चळत) यांसारखं, जे अगदी मोजून-मापून केलेलं असतं. दुसरं, रोजच्या जगण्यातली कामं. पहिल्या प्रकाराला प्रशिक्षित शिक्षक, ठरलेला क्रम आणि आजूबाजूला तेच करणारी मुलं लागतात. दुसरं शाळेत आम्हाला मुद्दाम उभं करावं लागतं, तुमच्या घरात ते आयतंच आहे.

पाणी ओतण्यापासून सुरू करू, कारण तक्रार तिथूनच आहे. मोठा जग आणि उंच ग्लास ही सुरुवात नव्हे. दोन फुलपात्रं घ्या. त्यांची कड बाहेर वळलेली असते म्हणून धार नीट पडते. ती एका ताटात ठेवा, म्हणजे सांडलेलं तिथंच राहील. पहिले काही दिवस पाण्याऐवजी ज्वारी. सांडली तरी वेचता येते, आणि वेचणं हाही चिमटीचा व्यायाम. दुसऱ्या फुलपात्रात मावेल तेवढीच ज्वारी पहिल्यात घाला. हे लहानसं वाटेल, पण मुलं सांडतात त्याचं निम्मं कारण हेच असतं, आपण भांडं काठोकाठ भरून देतो.

मग एकदा करून दाखवा. सावकाश, एरवीच्या निम्म्या वेगानं, आणि न बोलता. ‘हां, आता असं धर, वाकव, हळू हळू, अरे बघ बघ’ ही आपली सवय सोडणं सगळ्यात कठीण. या वयाची मुलं एका वेळी हाताकडे तरी बघतात किंवा बोलण्याकडे तरी लक्ष देतात. एका हातानं धरा, दुसऱ्यानं खालून आधार द्या, कड दुसऱ्या भांड्याच्या बरोबर मध्यावर आणा, तिरकं करा, शेवटचा दाणा पडेपर्यंत थांबा. ते थांबणं त्याला दिसलं पाहिजे. झालं की परत पहिल्यात ओता आणि ताट त्याच्याकडे सरकवा. त्यानं दुसऱ्या पद्धतीनं केलं तर करू द्या. लगेच हात धरून दुरुस्ती नको, दोन दिवसांनी पुन्हा एकदा दाखवा.

ज्वारी जमली की पाणी, आणि पाण्याबरोबर स्पंज. मला विचाराल तर या सगळ्यात ओतण्यापेक्षा स्पंज जास्त मोलाचा. सांडलेलं टिपायचं, वाटीत पिळायचं, पुन्हा टिपायचं. पिळताना अख्खा तळवा कामाला लागतो आणि पेन्सिलीला लागणारा तळव्याचा कमानीसारखा बाक त्यातून घडतो. त्यानंतर फुलपात्रांच्या जागी चहाच्या टपरीवर असतात तसे जाड काचेचे कटिंगचे ग्लास आणा. पाणी कुठवर आलंय ते काचेतून दिसतं, आणि फुटू शकणारी वस्तू मुलं जास्त जपून हाताळतात हा माझा अनुभव आहे. पायात चप्पल असू द्या, तुम्ही शेजारी असा, आणि फुटलाच तर काचा तुम्ही उचला.

काही मुलं गंमत म्हणून मुद्दाम ओततात. ओरडू नका. ‘आज पाण्याचं काम संपलं’ म्हणून ताट उचला आणि पाण्यात खेळायचंच असेल तर संध्याकाळी बाथरूममध्ये मग आणि बादली द्या. कामाचं पाणी आणि खेळाचं पाणी वेगळं असतं हे त्यांना चार दिवसांत कळतं.

इथे बहुतेक घरं थांबतात, आणि खरं तर इथून सुरुवात व्हायला हवी. ओतणं जमलं की दुपारच्या जेवणाला सगळ्यांचं पाणी तो वाढेल, लहान तांब्यातून, एकेकाच्या भांड्यात. आजीनं पानावर बसून ‘माझं पाणी राहिलं रे’ म्हणायचं आणि तो देईपर्यंत थांबायचं. ताटातली ज्वारी इकडून तिकडे करणं हा सराव झाला. आजीला पाणी देणं हे काम झालं. जो मुलगा रेघांच्या वहीपुढे दोन मिनिटं बसत नाही, तोच चौघांचं पाणी वाढताना जीभ बाहेर काढून एकाग्र होतो. त्याच्या हातून काहीतरी घडतंय आणि त्याची कुणाला तरी गरज आहे, एवढं त्याला कळतं.

व्हिडिओंमध्ये राजमा आणि चवळी मिसळून मुलाला वेगळी करायला देतात. करतो बिचारा. मग आई त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा मिसळते आणि म्हणते, ‘वन्स मोअर!’ आपण भांडी लावून ठेवली आणि कुणी येऊन ती पुन्हा ओट्यावर पसरली तर कसं वाटेल? वर्गात आम्हीही निवडायला देतो, पण तिथे मूल स्वतः ताट घेऊन येतं, स्वतः मिसळतं, मनात येईल तितक्या वेळा करतं. घरी त्यापेक्षा खरं निवडणं द्या. कोथिंबिरीची जुडी, कढीपत्त्याची पानं देठावरून काढणं, मेथी. निवडलेलं त्याच्यासमोर फोडणीत पडू द्या.

मटार सोलणं मला सगळ्यात आवडतं. शेंग दोन्ही हातांत धरायची, अंगठ्यानं शिवण दाबायची, टच्च आवाज आला की अंगठा आतून फिरवत दाणे ढकलायचे. डावा आणि उजवा हात एकाच वेळी वेगवेगळं काम करतात, अंगठा मोकळा होतो, आणि शेंग नीट दाबली का ते तिच्या आवाजावरूनच कळतं, तुम्हाला सांगावं लागत नाही. सुरुवातीला शेंगेचं टोक तुम्ही उघडून द्या. पावटा आणि तूर चिवट, त्या नंतर. मटारचा हंगाम नसेल तर मक्याचं कणीस: पहिली ओळ तुम्ही काढा, पुढचे दाणे तो अंगठ्यानं आडवे पाडेल. उकडलेला बटाटा सोलणं त्याहून सोपं. लसूण कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून दिला तर चार वर्षांचं मूल सोलू शकतं, फक्त तेच हात डोळ्याला लावू देऊ नका.

कणीक मळताना लिंबाएवढा गोळा त्याला द्या, लहान पोळपाट द्या, आणि जे काही लाटलं जाईल ते भाजून त्याच्याच ताटात वाढा. मऊ कणीक बोटांना पुरेसा विरोध करत नाही, जरा घट्टच द्या. ताक घुसळायची जुनी रवी असेल तर फारच छान. ती दोन्ही तळव्यांत फिरवताना हात आळीपाळीनं पुढेमागे जातात, आणि हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. खलबत्त्यात चार-पाच वेलदोडे कुटायला द्या, खाली जाड फडकं घाला, खालच्या मजल्यावरचे शेजारी आभार मानतील.

तुमच्या घरात आजी आहेत हे प्रश्नात ओझरतं आलंय. माझ्या मते नऊ हजारांच्या किटपेक्षा त्या जास्त कामाच्या आहेत. त्यांना फुलवाती वळता येत असतील. कापसाचा पेळू विंचरून चिमटीत धरायचा, दुसऱ्या हाताची दोन बोटं आणि अंगठा यांत पीळ द्यायचा. पेन्सिल ज्या तीन बोटांत धरायची तीच बोटं, तीच हालचाल, आणि समोर देवघरात ती वात लागलेली दिसते. रांगोळीही तशीच. चिमूट धरणं सोपं, पण धरलेलं थोडं थोडं सोडत रेघ ओढणं म्हणजे बोटांचा दाब पदोपदी बदलणं. ते या वयात पूर्ण जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. खडूच्या जाड रेघेवर तांदळाचं पीठ टाकत जाऊ दे. बाजारातली बारीक रंगीत पूड नको, ती नाकाडोळ्यांत जाते. दसऱ्याला झेंडूचं तोरण करताना आधी फुलांचे देठ तोडायला द्या. ओवायला मात्र टोकाची सुई नको, बोथट टोकाची मोठी लोकरीची सुई चालेल.

आजोबा किंवा आणखी कुणी ‘मुलाला कसली भाजी निवडायला लावता’ म्हणतीलच. त्यांना शेजारी बसवून एक जुडी त्यांच्याही हातात द्या, एवढंच मी सांगेन. दुसरी गोष्ट जरा नाजूक. घरी कामाच्या मावशी येत असतील तर मुलानं सांडलेलं पुसायला त्यांना हाक मारू नका. सांडलेलं दुसरं कुणीतरी पुसतं, हे मूल तीन वर्षांत पक्कं शिकतं. त्याचं फडकं त्याच्या उंचीवर टांगा. अर्धवट पुसलं तर तो गेल्यावर उरलेलं पुसा, त्याच्यासमोर नको.

बटणांचं तंत्र वेगळं आहे. आधी काढायला शिकवा, लावायला नंतर. अंगातल्या शर्टाचं बटण मुलाला नीट दिसत नाही, म्हणून वडिलांचा जुना शर्ट उशीला चढवून समोर ठेवा, मोठी बटणं आणि सैल काजं असलेला. पहिल्यांदा सगळं तुम्ही करा आणि बटण काजातून अर्धं बाहेर आलं की शेवटचं ओढणं त्याला करू द्या. दोन-चार दिवसांनी शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या. असं शेवटाकडून मागे आलं की प्रत्येक वेळी काम त्याच्या हातानं पूर्ण होतं. चेन, मोजे, पँट, सगळ्याला हीच युक्ती. आणि हे सकाळी करू नका. शाळेतून आल्यावर कपडे बदलताना कुणाला घाई नसते, ती वेळ याची. सकाळी तुम्हीच बटणं लावून दिलीत म्हणून काही बिघडत नाही.

कपडे वाळत घालताना चिमटे त्याच्याकडे. आधी काढायचे, मग लावायचे. नवे चिमटे फार कडक असतात, जुने सैल झालेले बघून द्या. कात्री साडेतीनला सुरू करता येते, बोथट टोकाची. साधा कागद मुडपतो म्हणून जुन्या लग्नपत्रिका घ्या आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून द्या. कात्री एकदा मिटली की तुकडा पडला पाहिजे. रेघेवरून कापणं पुढच्या वर्षी. केळं कापायला लोणी लावायची बोथट सुरी. विळीच्या आसपास मात्र अजिबात नाही, आणि किसणीही नको.

रोज किती, याला ठरलेलं माप नाही. ॲक्टिव्हिटीचा तक्ता फ्रिजवर लावाल तर दहा दिवसांत तुम्हीच थकाल. त्याऐवजी दोन कामं दिवसाच्या ठरलेल्या वेळेला बांधून टाका, जेवणाआधी पाणी आणि संध्याकाळी भाजी, एवढं नोकरी सांभाळून होतं. रविवारी कणीक किंवा कपडे. तेच ते काम रोज केलं तर त्याला कंटाळा येईल का? कंटाळा आधी आपल्याला येतो. या वयात मुलं एकच गोष्ट पुन्हापुन्हा करतात आणि त्यातूनच हात बसतो. तो रमला असेल तेव्हा ‘वा! शाब्बास!’ म्हणून मध्ये शिरू नका, फोटोही काढू नका. दोन्हींनी मान वर होते आणि लक्ष तुटतं. झाल्यावर ‘आज सगळ्यांना पाणी मिळालं’ एवढं बोललात तरी पुष्कळ. आणि त्याला नको असेल त्या दिवशी राहू द्या.

काळजी घ्यायची ती अशी: तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर राजमा, शेंगदाणे, चिंचोके, मणी जमिनीवर राहता कामा नयेत. मोठी मुलंही दाणा नाकात किंवा कानात घालतात, तेव्हा अशा कामाला कुणीतरी शेजारी हवंच. खेळण्यांतले छोटे चुंबक आणि बटणासारख्या बॅटऱ्या गिळल्या गेल्या तर प्रकरण गंभीर होतं, त्या घरात सुट्या ठेवूच नका. भरलेली बादली बाथरूममध्ये तशीच सोडू नका. हात डाळ-तांदळाच्या डब्यात घालायला द्या, गॅसच्या बाजूला नाही.

राहिली पेन्सिल. पुढचे दोन-तीन महिने घरी पेन्सिल देऊच नका. मेणखडू द्या, आणि तो मोडून अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा करून द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटांत धरावाच लागतो. न शिकवता पकड बदलते. कागद टेबलावर ठेवण्याऐवजी भिंतीला किंवा कपाटाच्या दाराला चिकटवा. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे वळतं आणि खांदाही कामाला लागतो. पाटी-खडू असेल तर तसाच खडूचा छोटा तुकडा, आणि पुसायला ओला स्पंज. काय काढायचं ते त्याला ठरवू द्या. त्याच्या गोल गोल गिरगटण्यातूनच अक्षरांची वळणं येतात, उभ्या-आडव्या रेघांच्या पानांतून येतात असं मला दिसलेलं नाही.

तो डावा हात जास्त वापरत असेल तर उजव्याकडे वळवू नका. प्रसादाला उजवा हात पुढे करायला शिकवायचं असेल तर जरूर शिकवा, घराघराची रीत असते. पण कात्री, खडू, भाजी यांना त्याचा तोच हात. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, ती आणा.

शाळेत जाऊन बाईंशी बोला. भांडायला नव्हे. त्यांच्यावर बहुधा वह्या भरून दाखवायचा दबाव असतो, आणि तो पालकांकडूनच आलेला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानलाय आणि त्यात खेळ व कृतीवर भर आहे, एवढं त्यांनाही माहीत असतं. ‘घरी हाताची कामं सुरू केली आहेत, दिवाळीपर्यंत त्याला वहीऐवजी खडू द्याल का,’ असं विचारा. बऱ्याच बाई हो म्हणतात. नाही म्हणाल्या तर शाळेत जेवढं होईल तेवढं होऊ द्या, घरी मात्र त्याची दुसरी पाळी लावू नका.

आता किट. घेऊ नका. दट्ट्यांचे ठोकळे बारकाईनं बनवलेले असतील तरच उपयोगाचे, दट्ट्या चुकीच्या खाचेत बसला तर मुलाला स्वतःलाच कळलं पाहिजे. स्वस्त नकलेत सगळे दट्टे सगळीकडे सैल बसतात, आणि मग उरतं ते लाकडी खेळणं. ते साहित्य हवंच असेल तर मुलाला त्याचा वापर करणारी बालवाडी शोधा. मॉन्टेसरी हे नाव कुणीही पाटीवर लिहू शकतं, म्हणून पाटी न बघता सकाळचा एक तास वर्गात बसायला मागा. मुलं स्वतः उठून साहित्य घेतात आणि परत जागेवर ठेवतात का, ते बघा.

घरासाठी घ्यायचंच तर एवढं घ्या: ओट्याशी उभं राहायला न डगमगणारं रुंद बैठकीचं स्टूल, त्याच्या मुठीत मावेल असा छोटा तांब्या, दोन स्पंज, बोथट टोकाची कात्री, लहान पोळपाट-लाटणं, आणि त्याच्या उंचीला दांडा कापून दिलेला झाडू. तांब्या आणि पोळपाट बहुधा माळ्यावर पडलेलेच असतील, आजींना विचारा. स्टुलावर मात्र पैसे वाचवू नका, आणि घरी आणल्यावर आधी स्वतः त्यावर उभं राहून बघा.